दाराशी ठेवलेला घास

मंगळावरच्या त्या घरात जेवायला बसण्याआधी भाताचा एक घास दाराशी ठेवायची रीत होती. जुनं सफाईयंत्र खडखडत येऊन तो उचलायचं. असं का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घास आजोबा ठेवत. ते गेल्यापासून रीत थांबली होती आणि यंत्र उद्या भंगारात जाणार होतं.

शाळेसाठी घराण्याची माहिती शोधताना इराला खापरपणजीची डायरी सापडली. पृथ्वीवरून येताना यानात लिहिलेली. ती आईला वाचून दाखवू लागली.

‘तिकडे बाबा गेले. आज दहावा. भाताचा पिंड ठेवला, पण यानात कावळा कुठला? तेवढ्यात सफाईयंत्र आलं आणि पिंडापाशी थबकलं. मी म्हणाले, बाबा, धाकट्याला मी शिकवीन, काळजी करू नका. मग त्यानं भात उचलला.’

“आई, कावळा म्हणजे?”

“पृथ्वीवरचा पक्षी. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली, तर तो पिंडाला शिवत नाही म्हणे.”

“मग आपल्या आजोबांचा घास?”

आई उठली. तिनं भात कालवला, “त्यांना तूप लागायचंच,” असं पुटपुटत वर तूप सोडलं आणि घास दाराशी ठेवला. यंत्र खडखडत आलं आणि वीतभर अलीकडे थांबलं.

“चाक अडकलं असेल गं,” आई म्हणाली. पण चाक बघायला ती पुढे झाली नाही.

इरा पुढे वाकली. “आजोबा, याला कुठ्ठे पाठवणार नाही. हो ना, आई?”

“नाही पाठवणार, बाबा,” आई म्हणाली.

चाक किंचित कुरकुरलं आणि यंत्र पुढे आलं.