रेक्टरबाईंचा पहारा

“डॉक्टर, माझा पहारा फसला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? अगदी खरं सांगा,” आईनं विचारलं.

डॉक्टरीणबाई संगणकाकडे बघत होत्या. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. शेजारच्या खुर्चीत धाकटी बसली होती, चौथा महिना, दोन्ही हात पोटावर. परवा थोरली आपल्या लेकीला घेऊन माहेरी आली. ती चिमुरडी दिवसभर मावशीच्या मांडीवरून उतरली नाही, मावशीच्याच ताटात जेवली, रात्री तिच्याच कुशीत झोपली. काल सकाळी थोरली तिचा फ्रॉक बदलायला गेली तर अंगभर कांजिण्या! तेव्हापासून थोरली लेकीला घेऊन दार लावून बसली होती आणि रडत होती.

आता तुम्ही म्हणाल, कांजिण्याच त्या, कुणाला होत नाहीत? खरंय. पण पोटात बाळ असताना पहिल्यांदाच झाल्या तर बाईला जड जातात, आणि क्वचित बाळालाही इजा करतात. आधी होऊन गेल्या असतील तर मात्र चिंता नाही. आणि या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. धाकटीला कांजिण्या कधी झाल्याच नव्हत्या. आईनं होऊच दिल्या नव्हत्या.

आई मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. तिच्या हातावर तुरी देऊन एकही पोरगी कधी फाटकाबाहेर गेली नाही. थोरलीला लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हा आईनं रजा टाकली आणि खोलीच्या दारात खुर्ची मांडून बसली. ताटवाटी वेगळी, टॉवेल वेगळा, साबण वेगळा. धाकटीला जिन्याची पायरीसुद्धा चढू दिली नाही. “चिटपाखरू आत गेलं नाही!” हे ती आजवर येईल त्या पाहुण्याला ऐकवत आली होती. जावयाला तर लग्न ठरायच्या आधीच ऐकावं लागलं होतं, बिचाऱ्याला.

आणि आज तीच बाई धावा करत होती, की आपल्या नाकाखालून काहीतरी निसटलेलं असू दे रे बाबा.

“आई, जरा शांत बस ना गं,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “झाल्या नसतील तर इंजेक्शन आहे, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“आहे गं, पण जिवाला घोर आहेच ना? चूक माझीच, डॉक्टर. भारी शहाणी मी! तेव्हा झाल्या असत्या, आठवडाभर खाजवलं असतं, सुटली असती पोरगी.”

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची वळवली. “काकू, तुम्ही दारात कधी बसलात? पुरळ दिसल्यावर ना?”

“लगेच! पहिला फोड दिसला तशी.”

“आणि त्याच्या आदल्या रात्री दोघी कुठे झोपल्या होत्या?”

“कुठे म्हणजे? एकाच पलंगावर. एकाच पांघरुणात.”

“मग झालं तर. कांजिण्या पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. श्वासातून, शिंकेतून, हवेतून. परवा नातीच्या अंगावर एक तरी फोड होता का? तरी आपण इथे बसलोयच ना? तुम्ही साबण वेगळा केलात, तोवर चोर घरात शिरून जेवायला बसला असेल.”

अख्ख्या नोकरीत कुणाची टाप नव्हती आईला असं तोंडावर सांगायची. पण आज ती खुलली.

“पण हिला एक फोड आला नाही हो! मागाहून डास चावले तेवढे, कानामागे, दोन-तीन ठिकाणी. मी लग्गेच मच्छरदाणी बांधली.”

“डास?” डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं.

“हो, डास...” आई थबकली. तिचा हात तोंडावर गेला. “अगं बाई!”

“थांबा, आत्ताच काही ठरवू नका. काहींना इतक्या हलक्या येतात की घरात कुणाला कळतही नाही. पण शरीर विसरत नाही. ज्या विषाणूशी एकदा लढलंय, त्याच्यासाठीची प्रतिपिंडं रक्तात राहतात. आपण तीच शोधतोय.”

तेवढ्यात रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

“पॉझिटिव्ह.”

धाकटीच्या तोंडचं पाणीच पळालं. “म्हणजे... लागण झाली?”

“नाही गं! प्रतिपिंडं सापडली. चांगली बातमी आहे ही.”

“परवाच्या लागणीनंच आलेली नसतील कशावरून?” आई म्हणाली. चौकशी केल्याशिवाय ती कुणाला सोडते होय!

“एवढ्यात येत नाहीत, काकू. निदान आठवडाभर तरी जावा लागतो. ही जुनी आहेत. हिला लहानपणीच कांजिण्या होऊन गेल्यात. बाळाला काही धोका नाही.”

धाकटी ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आईचा जीव भांड्यात पडला होता, तरी तिला पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

“म्हणजे माझा पहारा...”

“फसला, काकू. साफ फसला.”

आईनं डोळे पुसले आणि तिथूनच थोरलीला फोन लावला.

“अगं, रडणं थांबव आणि आधी दोन घास खा. बाळ सुखरूप आहे! हिला कांजिण्या होऊन गेल्यात!”

“होऊन गेल्यात? कधी? कुठे?”

“कुठे म्हणजे?” आईचा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला, ताठ मानेच्या रेक्टरबाईंचा तोच जुना आवाज. “माझ्याच देखरेखीखाली!”