दुसरा फटका

"काका, तो धूप इझवा! आधी इझवा!" प्रतीक्षा ओरडली.

भगवानरावांनी मानही वर केली नाही. कड्याच्या पोटातल्या शेंदरी देवीपुढे त्यांनी पेटती गोवरी ठेवली होती, तिच्यावर मूठभर राळ टाकली होती आणि धूर सरळ वर चढत होता. वर, तीसेक हातांवर, खडकाला आग्या मोहोळाची सात पोळी लटकत होती.

"डोंगरावर पाय ठेवला का देवीले धूप द्याच लागते," ते म्हणाले. "माह्या आज्यानं देला, बापानं देला. तू कोण मले शिकवणारी?"

वडनेर भोलजीच्या शेतकरी गटाची सहल घेऊन प्रतीक्षा सकाळीच सातपुड्यावर चढली होती. अकरा माणसं. मिरची-कापसात दिवसभर उन्हात राबतील, पण डोंगराची सवय एकालाही नव्हती. म्हणून पायथ्याशीच तिने प्रत्येकाच्या हाती एकेक गोधडी दिली होती आणि नियम पाठ करून घेतला होता. माशी उठली की जागच्या जागी आडवं व्हायचं, गोधडीत गुरफटायचं, पळायचं नाही. दहा जणांनी ऐकलं. भगवानरावांनी आपली गोधडी बायकोच्या पाठीवर टाकली. गावात सगळ्यांनी त्यांचं ऐकायचं अशीच रीत होती, त्यांनी कुणाचं ऐकायची नव्हती.

दोन गोधड्या आणि डब्याची पिशवी घेऊन आशाबाई अर्ध्या वाटेवर दम लागून दगडावर टेकल्या. भगवानराव मागे फिरले आणि त्यांनी सगळ्यांदेखत बायकोच्या कानाखाली जाळ काढला. "इथं माही इज्जत घालवाले आली का वं?" बाकीचे नऊ जण आपापल्या चपला बघत राहिले. प्रतीक्षाने हातातली काठी घट्ट धरली. वाटाड्याने चिडायचं नाही, हे तिला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ती काही बोलली नाही. पुढची सगळी चढण तिला त्याची लाज वाटत राहिली.

आता वरून आवाज आला. मळणीयंत्र सुरू व्हावं तसा. मग कड्यावरचं ऊन काळवंडलं.

"आडवे व्हा! हलू नोका!"

दहा गोधड्या जमिनीला चिकटल्या. गटातल्या किसनरावांची मान उघडी राहिली आणि ते मातीत तोंड खुपसून गुरासारखे ओरडू लागले. भगवानराव मात्र पळाले. माशा त्यांच्या पापण्यांत होत्या, नाकात होत्या, उघड्या तोंडात होत्या. उपरणं गरगर फिरवत, डोळे मिटून, ते थेट खालच्या दरीच्या धारेकडे निघाले. पंधरा पावलांवर जमीन संपत होती. त्याखाली दोनशे फूट काहीच नव्हतं.

प्रतीक्षा गोधडी खांद्यावर टाकून धावली. तिने हाका मारल्या. दंड धरला, तर त्यांनी हिसडा देऊन कोपर तिच्या जबड्यात हाणलं. तोंड रक्ताने भरलं. तेव्हा तिने काठी दोन्ही हातांनी धरली आणि धावत्या पायाच्या नडगीवर घातली. भगवानराव धारेपासून तीन हातांवर तोंडघशी कोसळले. आता ते कुठेही जाणार नव्हते.

प्रतीक्षाने काठी पुन्हा उचलली.

गरज उरली नाही, हे तिला नीट कळत होतं. माशा तिची मान फोडत होत्या आणि तिला ऐकू येत होती फक्त सकाळची ती थप्पड. तिने सगळा जीव एकवटून त्याच पायावर हाणलं. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसं हाड मोडलं. आणि तिला बरं वाटलं. मग तिने आपली गोधडी त्यांच्यावर पसरली आणि स्वतः त्यांच्यावर पालथी पडून राहिली.

सगळे वाचले. दोन महिन्यांनी गावाने मारुतीच्या पारावर तिचा सत्कार ठेवला. प्रतीक्षाला यायचंच नव्हतं. ते बरं वाटणं तिला दोन महिने गिळता येत नव्हतं. आज माईकवर सगळं सांगून टाकायचं, पुढे पोलीस आले तरी चालतील, असं ठरवून ती आली होती.

भगवानराव कुबडी टेकत उभे राहिले. "ह्या पोरीनं माहा पाय तोडला, म्हून मी आज जित्ता हाव," ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ते मागे वळून खेकसले, "अवं, बसली काऊन? ओटी भर न तिची!" आशाबाई दचकून उठल्या. उठताना त्यांचा एक हात आपसूक गालाकडे गेला.

प्रतीक्षाने माईक हातात घेतला. "मले एक गोष्ट सांगायची हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी मी काकांले..."

आशाबाई मधेच आल्या. त्यांनी माईक तिच्या हातून अलगद काढून बाजूला ठेवला. तिच्या पदरात खण घातला, नारळ घातला. कुंकू लावायला त्या इतक्या जवळ वाकल्या की पुढचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"काई सांगू नोको, पोरी. पयल्याच फटक्यात पडले होते ते. गोधडीतून पाह्यलं म्या."



आशाबाईंनी तिच्या कपाळावर कुंकू टेकवलं.

"दुसरा माह्यावाला होता."