विषय क्रमांक नऊ

"विषय क्रमांक नऊ," कुलसचिव श्यामकांत यांनी वाचलं. "पाली भाषेचा संध्याकाळचा प्रमाणपत्र वर्ग बंद करणे. कारण, यंदाची विद्यार्थीसंख्या शून्य."

बोरीवलीच्या त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळात नऊ जण होते. आठ हात वर गेले. आधीचे आठ विषयही असेच झाले होते, पहिला चहा संपायच्या आत. सुलक्षणाचा हात मात्र टेबलावरच राहिला. ती रसायनशास्त्र शिकवायची. शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मंडळावर आजच पहिल्यांदा आली होती. पालीशी तिचा काही संबंध नव्हता. पण आत येताना बाहेरच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी तिला विचारलं होतं, "मॅडम, पाली बंद झालं का खरंच? जूनपासून खिडकीवर तेच सांगतायत."

आज जुलैची पंचवीस तारीख होती. आणि वर्ग बंद होत होता तो आत्ता.

तिने पुढचा विषय वाचला. क्रमांक दहा: खोली दोनशे चारमध्ये संगणक प्रयोगशाळा उभारणे व त्यासाठीच्या खरेदीस मंजुरी देणे. दोनशे चार. पालीचा वर्ग तिथेच भरायचा.

"शून्य म्हणजे कोणी आलं नाही, की आलेल्याला घेतलं नाही?" तिने विचारलं.

श्यामकांत फाइलमध्येच बघत होते. "कोणी आलंच नाही, मॅडम."

"एक जण बाहेर बसलेत."

कोणी काही म्हणायच्या आत ती उठली आणि तिने दार उघडलं. "काका, जरा आत येता?"

अंबादास खंडारे आत आले. पासष्टी ओलांडलेली, शर्टाला कडक इस्त्री, हातात खाकी पाकीट. अध्यक्ष देवदत्त यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, सुलक्षणाकडे पाहिलं.

"तुमच्या ओळखीचे?"

"नाही, सर. मीटिंगला येताना भेटले."

"बरे भेटले," मार्तंडराव म्हणाले. ते खरेदी समितीचे प्रमुख. मग अंबादासना म्हणाले, "कुठल्या संघटनेकडून आलात?"

"संघटना नाही, साहेब. मालाडहून आलो."

"पाठवलं कोणी?"

"बायकोने."

दोघं-तिघं हसले. अंबादास हसले नाहीत. "चंपा रोज सकाळी पालीतली बुद्धवंदना म्हणते. चाळीस वर्षं ऐकतोय. मे महिन्यात नातीने एका शब्दाचा अर्थ विचारला, तर दोघांनाही सांगता येईना. चंपा म्हणाली, तुम्ही रिटायर झालात, शिकून या. म्हणून तीनदा येऊन गेलो. पहिल्यांदा म्हणाले, बंद झालं. दुसऱ्यांदा म्हणाले, फॉर्म संपले. तिसऱ्यांदा मी सरळ वर्गच बघायला गेलो. तिथे छतापर्यंत खोकी लावलेली, वर कॉम्प्युटरची चित्रं. म्हटलं, इथे जागाच नाही, आपल्याला बसवणार कुठे."

मार्तंडरावांनी पेनाला टोपण लावलं.

"कसली खोकी, सर?" सुलक्षणाने त्यांना विचारलं. "खरेदी तर अजून मंजूर व्हायचीय."

"जुनं सामान असेल काहीतरी."

"मग बघून येऊ या ना. एक मजला तर खाली."

"मॅडम," देवदत्त अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या बढतीची फाइल पुढच्या महिन्यात याच टेबलावर येणार आहे, नाही का?"

सुलक्षणा परत आपल्या खुर्चीत येऊन बसली. टेबलाभोवतीचे सगळे तिच्याकडे बघत होते. या बाईमागे कोण आहे, एवढंच त्यांना शोधायचं होतं.

देवदत्त कुलसचिवांकडे वळले. "श्यामकांत, दुरुस्ती करा. शून्याऐवजी एक लिहा. विद्यार्थीसंख्या एक. किमान पंधरा लागतात. ठराव मंजूर." मग अंबादासना म्हणाले, "झालं, काका. तुमची नोंद घेतली. या तुम्ही."

अंबादास गेले नाहीत. ते टेबलापाशी आले. पाकिटातून त्यांनी प्रवेशाचा अर्ज काढला, आणि त्याची झेरॉक्स. "मॅडम, पेन देता?"

तिने दिलं. उभ्या उभ्याच त्यांनी दोन्ही कागदांच्या तळाशी सावकाश दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. "दोनशे चार क्रमांकाच्या वर्गात कॉम्प्युटरची खोकी ठेवलेली पाहिली. तीस-चाळीस असतील." खाली सही केली. मग कागद श्यामकांतपुढे ठेवले. "साहेब, याची पोच द्या."

श्यामकांतनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"पोच कशाला?" देवदत्त म्हणाले.

"नोंद घेतली म्हणालात ना, साहेब."

"इथे पोच मिळत नाही. खाली आवक-जावकला द्या."

"तिथे गेलो होतो. ते म्हणाले, वर द्या."

श्यामकांतनी दोन बोटांनी कागद टेबलाच्या मधोमध सरकवले. तिथे ते कोणाचेच नव्हते. अंबादास उभेच होते. त्यांना घाई नव्हती.

बारा वर्षं सुलक्षणाने त्या बढतीची वाट पाहिली होती. तिने हात लांब केला आणि दोन्ही कागद आपल्याकडे ओढले. अर्ज स्वतःच्या फाइलमध्ये ठेवला. झेरॉक्सवर लिहिलं: अर्ज मिळाला. सुलक्षणा राणे, सदस्य, नियामक मंडळ.

"मॅडम, विचार करा," मार्तंडराव म्हणाले.

"केला," ती म्हणाली. तिने तारीख टाकली आणि कागद अंबादासना दिला.

त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला, आणि परत तिच्यापुढे ठेवला.

"वेळ पण टाका, मॅडम."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा चाळीस, तिने लिहिलं. मग पेन न उचलता पुढे लिहिलं: विषय दहाच्या आधी.