दोरीवरचा नीलपंख

"काका, हा फोटो कुठे कुठे टाकलात?" सारिकाने मोबाइल पुढे धरला.

खानोलकरकाकांनी हौसेने यादी सांगितली. फेसबुक, इन्स्टा, पक्षीमित्रांचे झाडून सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. परदेशी नीलपंख तालुक्यात पहिल्यांदाच दिसला होता, तोही त्यांच्याच गच्चीत, दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीवर. ठिकाण दिल्याशिवाय अशी नोंद कुणी खरी मानत नाही, म्हणून त्यांनी गल्लीसुद्धा लिहिली होती.

"ती गोधडी माझी आहे. माझ्या आईच्या साड्यांची. नवरा लांबूनही ओळखेल."

मारकुट्या नवऱ्यापासून लपून ही मुलगी काकांच्या वरच्या खोलीत राहत होती, आणि त्यांनी शेजाऱ्यांनाही पत्ता लागू दिला नव्हता. ते घाईघाईने एकेक पोस्ट काढू लागले. पण फोटो केव्हाच हाताबाहेर गेला होता. अनोळखी लोक त्यांचं अभिनंदन करत तो पुढे पाठवत होते.

सकाळी फाटकाशी बरेच पक्षीवेडे जमले. गोधडी आत घेतली होती, सारिका कडी लावून बसली होती. "आज नाही आला हो," काका पुन्हापुन्हा सांगत राहिले. तेवढ्यात नीलपंख समोरच्या विजेच्या तारेवर येऊन बसला आणि सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

एकजण मात्र वळला नाही. तो गच्चीतल्या रिकाम्या दोरीकडे बघत होता.