तिसऱ्या कमानीवरचा चेहरा

“आजी, पाच मजले चढायचेत. जमेल ना?” इंजिनियर बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“पोरी, खाली उभं राहून मान वर करण्यात माझी तीस वर्षं गेली. पाच मजल्यांचं काय घेऊन बसलीस,” म्हातारी म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधून पहिल्या पायरीवर चढलीसुद्धा.

स्टेशनच्या दर्शनी भिंतीची परांची उद्या उतरणार होती. दीड वर्ष चाललेली साफसफाई संपत आली होती. शंभर वर्षांची काजळी निघाल्यावर त्या दगडाचा रंग मधासारखा आहे, हे शहराला पहिल्यांदाच कळलं होतं. म्हातारीला त्या रंगाशी काही कर्तव्य नव्हतं. तिला तिसऱ्या कमानीवरचा चेहरा जवळून बघायचा होता. तो चेहरा तिचा होता आणि तिच्या नवऱ्याने कोरला होता. आठवडाभर ऑफिसात खेटे घालून तिने आजची परवानगी मिळवली होती.

चढताना इंजिनियर बाई माहिती सांगत होत्या. तोंडाला सवयच होती. स्टेशन बांधायला अकरा वर्षं लागली. घुमट एकाने आखला, कमानी दुसऱ्याने. दोघांचं इतकं बिनसलं की घुमटाचा मध्य आजही मधल्या कमानीच्या वीतभर बाजूला आहे. कमानींवर चोवीस चेहरे होते, सगळे रेल्वेच्या बड्या साहेबांचे.

“ते स्टेशनला आग लागली तेव्हा तडकले,” म्हातारी म्हणाली. “मग आमच्या ह्यांच्या टोळीला काम मिळालं.”

“हो. जुने नकाशेही जळाले होते. चोवीस चेहरे हवेत, एवढंच सांगितलं होतं पाथरवटांना.”

“मग काय, मोकळं रान. मुकादमाने आपली आई कोरली. एकाने मेव्हणा कोरला आणि जुना राग होता म्हणून त्याचे कान वाढवले.”

“सातवा चेहरा! आम्ही त्या कानांवर दोन महिने डोकं खाजवतोय.”

दुसऱ्या मजल्यावर म्हातारी दम खायला थांबली. खाली माणसं सामान ओढत घाईघाईने आत शिरत होती. वर बघायला कुणाला सवड नव्हती.

नवरा अबोल होता. भाजीत मीठ नसलं तरी निमूट जेवून उठायचा. ते तिने चालवून घेतलं. पण त्यांची एकुलती एक पोर, दिवसभर घरभर धावणारी, उंबऱ्यावर आपटून भुवई फोडून घेणारी, तिसऱ्या वर्षी तापाने गेली, तेव्हाही त्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. दुसऱ्या दिवशी तो छिन्नी-हातोडा घेऊन कामावर गेला. पुढे जन्मात त्याने पोरीचं नाव काढलं नाही. एवढी एक गोष्ट तिने त्याला कधीच माफ केली नाही.

त्यानंतर सतरा वर्षांनी स्टेशनवरच्या नव्या चेहऱ्यांचं काम संपलं, तेव्हा तो तिला इथे घेऊन आला आणि त्याने बोटाने वर दाखवलं. उंचावर एका तरुण मुलीचा चेहरा होता. नाक तिचं, ओठ तिचे.

“मीच ना?” तिने विचारलं.

तो गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं म्हणजे हो, हे एवढ्या वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं. चाळिशी उलटलेल्या बायकोला त्याने विशीतली करून ठेवली होती. घरी पोचेपर्यंत ती लाजत होती.

त्या एका चेहऱ्याच्या जोरावर तिने पुढचा संसार रेटला. तो जाऊनही आता सहा वर्षं झाली होती. त्याची फार आठवण आली की ती इथे यायची आणि मान दुखेपर्यंत वर बघत राहायची. त्या मुक्या माणसाने आपल्याला नेमकं कसं पाहिलं होतं, हे तिला डोळे शाबूत आहेत तोवर एकदा हातभर अंतरावरून बघायचं होतं.

पाचव्या मजल्यावर इंजिनियर बाईंनी प्लास्टिकचा कागद बाजूला केला.

चेहरा खालून वाटायचा त्याहून मोठा होता. नाक तिचंच. ओठही. हनुवटी मात्र नवऱ्याची होती, मधे खळी असलेली. खालून ती कधी दिसली नव्हती.

“बघ, हनुवटी स्वतःची चिकटवलीय,” ती हसून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“हिचं सगळं झालंय, आजी. डाव्या भुवईचा टवका उडालाय तेवढा दुपारी भरून घेऊ, की झालं.”

म्हातारीने भुवईवर बोट ठेवलं. पाथरवटाची बायको ती. फुटलेला दगड कुठला आणि कोरलेला कुठला, हे तिच्या बोटाला कळत होतं. खाचेच्या कडा गुळगुळीत होत्या. खाचेवर छिन्नीच्या तीन बारीक रेघा आडव्या ओढलेल्या होत्या, शेजारी शेजारी.

तिने त्या रेघा बोटाने पुन्हा एकदा मोजल्या.

“ते भरू नका,” ती म्हणाली. “उंबऱ्यावर आपटली होती. तीन टाके पडले होते.”