खोलीत दुसरं कुणी

आरोग्य उपकेंद्रातलं समुपदेशन यंत्र आधी खोलीतल्या हृदयांचे ठोके मोजायचं. दोन माणसं असली की बोलायचंच नाही, गुप्ततेचा नियम. आणि सासू द्रौपदाला एकटीला कुठंच सोडत नव्हती. पाच महिने दोघी तशाच परत गेल्या.

आज सासू तापानं पडली होती. द्रौपदानं धावत येऊन दार लावून घेतलं.

"पोरगी गेल्यापासून मला जगावंसंच वाटंना हो..."

"माफ करा, ताई. खोलीत दुसरं कुणीतरी आहे."

"कुणी नाही! मी एकटीच आलेय!"

"दुसरे ठोके ऐकू येतायत. फार बारीक, फार जलद."

द्रौपदानं दारामागं पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. मग तिचा हात आपसूक पोटावर गेला.

"त्यांना बाहेर पाठवा," यंत्र शांतपणे म्हणालं, "मग आपण बोलू."