मागची सीट

"ही आपली नाही," वडील पुन्हा म्हणाले.

मुलगा ओशाळून हसला. गॅरेजच्या मधोमध ती लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार उभी होती. पुढे दोघांची ऐसपैस बैठक आणि मागे पोराटोरांसाठी नावापुरती एक सीट. असली गाडी आता रस्त्यावर औषधालाही सापडत नाही. त्यातून ही कधीकाळी वडिलांची स्वतःची. नंबरप्लेट तीच, चेसिसवर ठोकलेला नंबरही तोच. मुलाने खटपट करून ती शोधून काढली होती आणि विकत घेण्याआधी नीट तपासायला इथे आणवली होती. वडिलांचा डोळ्यांवर विश्वास बसणार नाही, असं त्याला वाटलं होतं. तो बसला नाहीच, पण भलत्याच तऱ्हेने.

"वय झालंय," तो मेकॅनिकबाईंच्या कानाशी लागला. "विसरतात हल्ली."

"बहिरा नाही झालो अजून," वडील स्टुलावरून म्हणाले.

गाडीचा मालक, एक निवृत्त दातांचा डॉक्टर, बॉनेटवर रुमाल फिरवत होता. "हिला माझ्याकडे साधी सर्दीसुद्धा झालेली नाही," तो म्हणाला.

बाईंनी इंजिन चालू करून ऐकलं, ब्रेक दाबून पाहिले, आणि सगळं ठणठणीत असल्याचं सांगितलं. मुलाचा जीव भांड्यात पडला. मग गाडी लिफ्टवर वर गेली आणि बाई टॉर्च घेऊन खाली शिरल्या. बराच वेळ नुसतं खरवडल्याचा आवाज येत राहिला.

"इकडे या जरा."

मुलगा आणि डॉक्टर वाकून आत गेले. पुढच्या सीटच्या मागून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, काळ्या रंगाखाली वेल्डिंगची जाड रेघ होती.

"ही एक गाडी नाही, दोन आहेत," बाई म्हणाल्या. "पुढचा अर्धा एकीचा, मागचा दुसरीचा. कापून जोडल्यात. काम सुबक केलंय, पण जोरात पळवायला मी देणार नाही."

"म्हणजे इतकी वर्षं मी कुठली गाडी चालवत होतो?" डॉक्टरने विचारलं.

"दोन्ही."

मुलाला काहीच उमजेना. "पण नंबर जुळतोय की."

"नंबर पुढे असतो. पुढचा अर्धा तुमचाच आहे."

परवा गाडी बघायला गेला तेव्हा तो मागच्या सीटवर कितीतरी वेळ हात फिरवत राहिला होता. तिचा वासही ओळखीचा वाटला होता. आणि ती सीट निघाली परक्याच कुणाची. मग वडील बरोबर की आपण, की दोघंही अर्धे अर्धे? त्याचं डोकं चालेना.

"असं कशाला करतात?" त्याने विचारलं.

"एक गाडी मागून चेपलेली असते, एक पुढून. दोन्हींतला चांगला भाग घ्यायचा, उरलेला भंगारात."

"आमची कुठे चेपली होती? बाबांनी तर चांगली चालती गाडी विकली." तो वडिलांकडे वळला. "हो ना, बाबा?"

वडील चष्मा पुसत बसले होते. पुसून झाला तरी त्यांनी तो डोळ्यांवर चढवला नाही.

"विकली नाही. ओढून न्यावी लागली," ते म्हणाले. "सिग्नलला उभा होतो. मागून ट्रक आला."

"तुम्हाला लागलं?"

"मला काय होणार? मी पुढे होतो."

बाईंनी हातातला टॉर्च बंद केला.

"त्या दिवशी तू बरोबर यायचा हट्ट धरला होतास," वडील म्हणाले. "पसारा आवरला नव्हतास म्हणून मी नेलं नाही. परत आलो तर गाल फुगवून दारात उभा. मला का नेलं नाहीत म्हणून भांडायला लागलास. मागे काही राहिलंच नव्हतं रे. काय सांगणार होतो? विकली म्हटलं."

"मी किती दिवस बोललो नव्हतो तुमच्याशी," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. या एका गोष्टीचा राग त्याने केस पिकेपर्यंत जपला होता, आणि आता तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"बोलत नव्हतास, पण दारं आपटायचास. मी आत बसून ऐकायचो. फार बरं वाटायचं."

डॉक्टर खाकरला. "मग आपल्या व्यवहाराचं काय?" त्याने हळूच विचारलं. मुलगा वडिलांकडेच बघत होता.

बाईंनी लिफ्ट खाली घेतली. वडील स्टुलावरून उठून पहिल्यांदाच गाडीजवळ आले. दार उघडून त्यांनी पुढची सीट वाकवली आणि मागच्या त्या चिमुकल्या सीटकडे बघत राहिले.

"बाई, ही ज्या गाडीची आहे, तिचा पुढचा भाग गेला असणार."

"हो. म्हणून तर मागचा वापरला."

"म्हणजे मागे कुणी पोर बसलं असेल, तर ते वाचलं."

बाईंनी हातातल्या फडक्याला बोटं पुसली. "वाचलं असणार," त्या म्हणाल्या.

वडिलांनी सीटवर तळवा टेकला. "त्याच्या बापाला कळलं असेल का ते?"